पैसे पाठविण्याची किंमत

शिंदखेड्याहून सुरतेच्या गाडीत बसणारा माणूस पुष्कळदा कामाच्या शोधात निघालेला असतो. तेथे त्याने मिळविलेला पैसा मग महिन्याकाठी उलट दिशेने गावाकडे येतो. एकेकाळी तो मनीऑर्डरने येई आणि वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन पडे. आज बँकांनी याहून कितीतरी स्वस्त मार्ग खुले केले आहेत. तथापि त्यांची माहिती ज्याला सर्वांत अधिक हवी, त्याच्यापर्यंतच ती पोहोचलेली नाही.

हे मार्ग मुख्यतः चार आहेत. २००५ साली सुरू झालेल्या एनईएफटीत रक्कम दर अर्ध्या तासाच्या तुकडीने पुढे जाते. तिला किमान मर्यादा नाही. २००४ पासूनची आरटीजीएस ही दोन लाख रुपये व त्याहून मोठ्या रकमांसाठी असून तीत प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे व तत्काळ पुरा होतो. आयएमपीएस (२०१०) आणि यूपीआय (२०१६) हे मोबाईलवरून चालणारे तात्काळ मार्ग होत. पैकी आयएमपीएसचा आकार प्रत्येक बँक स्वतः ठरविते. यूपीआयने आप्तस्वकीयांच्या खात्यात रक्कम पाठविण्यास आकार पडत नाही.

बचत खातेदाराने ऑनलाईन केलेल्या एनईएफटीवर १ जानेवारी २०२० पासून आकार घेता येत नाही. शाखेत जाऊन अर्ज भरल्यास मात्र तो पडतो. पण किती? दहा हजारांपर्यंत जास्तीत जास्त अडीच रुपये, एक लाखापर्यंत पाच, दोन लाखांपर्यंत पंधरा आणि त्यापुढे पंचवीस. वर १८ टक्के जीएसटी. पैसे घेणाऱ्यास काहीच द्यावे लागत नाही. म्हणजे आठ हजार रुपये घरी पाठविण्यास २ रुपये ९५ पैशांहून अधिक खर्च येऊ नये. हेच काम एखाद्या मध्यस्थाने शेकडा एक रुपया घेऊन केले, तर ऐंशी रुपये जातात. हा सत्त्याहत्तर रुपयांचा फरक म्हणजे अज्ञानावर बसलेला करच होय.

शाखेतील कामाला मनुष्यबळ लागते, सबब आकार हवा, असे बँका म्हणतील. त्यात तथ्य आहे. परंतु ज्याला स्मार्टफोन परवडतो त्याला सेवा फुकट, आणि ज्याला तो चालविता येत नाही त्या वृद्धाने वा मजुराने मात्र पैसे मोजावे, हा न्याय उलटा आहे. निदान दहा हजारांपर्यंतची एनईएफटी बचत खातेदारास शाखेतही विनामूल्य मिळावी, आणि आकारांचा तक्ता प्रत्येक शाखेत मराठीत, ठळक अक्षरांत लावला जावा.

तोवर सुशिक्षितांचे कर्तव्य उरतेच. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावर जमा होते. आकडा चुकला तर ती परक्याच्या खात्यात जाऊ शकते. म्हणून लाभार्थीचे नाव आधी पडताळण्याची जी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत विनामूल्य देण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, ती वापरावी. रक्कम जमा होण्यास बँकेकडून विलंब झाल्यास रेपो दराहून दोन टक्के अधिक दराने भरपाई मागता येते. शिक्षकाने वर्गात आणि कारकुनाने आपल्या गल्लीत एवढे जरी समजावून सांगितले, तरी घामाच्या पैशातील बराचसा भाग वाटेत न गळता घरी पोहोचेल.