उद्यानासाठी निधी मिळतो, माळ्यासाठी मिळत नाही

शहरांच्या विकासासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या पैशाचे स्वरूप बदलत आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक लाख कोटी रुपयांच्या अर्बन चॅलेंज फंडाची घोषणा करण्यात आली आणि पहिल्या वर्षासाठी १० हजार कोटी रुपये प्रस्तावित करण्यात आले. या निधीची अट स्पष्ट आहे. बँकेला कर्ज देण्यायोग्य वाटेल अशाच प्रकल्पाच्या खर्चापैकी २५ टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्र देईल आणि किमान ५० टक्के रक्कम कर्जरोखे, बँक कर्ज किंवा खासगी भागीदारीतून शहराने स्वतः उभी केली पाहिजे. आर्थिक शिस्तीच्या दृष्टीने या अटीत वावगे काही नाही. मात्र नागरी सेवांमध्ये काही कामे अशी आहेत की, त्यांतून महापालिकेच्या तिजोरीत कधीच पैसा येत नाही. सार्वजनिक उद्याने आणि चालण्यासाठीचे मार्ग हे त्यांतले ठळक उदाहरण. कर्जरोख्यांच्या या नव्या युगात त्यांना पैसा कोण देणार, हा प्रश्न फारशी चर्चा न होता मागे पडला आहे.

उद्याने ही कायद्याने नगरसंस्थांची जबाबदारी मानली गेली आहे. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांची स्वतंत्र नोंद आहे. नागरी वनीकरणाचीही आहे. परंतु जबाबदारीबरोबर उत्पन्नाची साधने तेवढ्या प्रमाणात आली नाहीत. देशातील सर्व नगरसंस्थांचे एकत्रित उत्पन्न सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्याच्या आसपासच आहे. जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, वस्तू व सेवा कर आला. महाराष्ट्रातील महापालिका आता मालमत्ता कर आणि राज्याच्या भरपाईवर विसंबून आहेत. वेतन, पाणी, कचरा आणि रस्ते यांवरचा खर्च भागल्यावर उद्यान विभागाच्या वाट्याला जे उरते, ते फार नसते. म्हणूनच बहुतेक शहरांत नवे उद्यान म्हणजे अनुदानासाठी पाठवलेला नवा प्रस्ताव असतो.

पूर्वी असे नव्हते, असे म्हणण्याचा मोह होतो. बडोद्याची कमाटीबाग १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी उभी राहिली ती संस्थानच्या खजिन्यातून. तिथे ना प्रकल्प अहवाल होता, ना तांत्रिक समिती. पण आजच्या लोकनियुक्त नगरसंस्थेला प्रत्येक रुपयाचा हिशेब द्यावा लागतो आणि तो दिलाच पाहिजे. हिशेब कशाचा मागितला जातो, हा खरा मुद्दा आहे.

२५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या अमृत अभियानाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ५०० शहरे आणि ५० हजार कोटी रुपयांच्या या अभियानात पाणीपुरवठा, मलनिस्सारण, पावसाळी पाण्याचा निचरा आणि नागरी वाहतूक यांच्या जोडीला हरित जागा आणि उद्याने हा घटक होता. मुलांसाठीच्या सोयींचा त्यात खास उल्लेख होता. मात्र राज्याच्या वार्षिक कृती आराखड्याच्या जास्तीत जास्त अडीच टक्के रक्कम या घटकावर खर्च करण्याची मुभा होती. आराखडा १०० कोटींचा असेल, तर उद्यानांसाठी अडीच कोटी. केंद्राचा वाटा १० लाखांपर्यंत लोकसंख्येच्या शहरांना निम्मा, त्याहून मोठ्या शहरांना एक तृतीयांश. उरलेला भार राज्य आणि नगरसंस्थेने उचलायचा. पैसे २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत मिळत आणि पुढचा हप्ता आधीच्या हप्त्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर अवलंबून असे.

ही पद्धत वरवर निर्दोष वाटते. पण ती उद्यानाचे रूपच ठरवून टाकते. उपयोगिता प्रमाणपत्रावर पटकन दाखवता येते ते बांधकाम: संरक्षक भिंत, प्रवेशद्वार, पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, खुली व्यायामशाळा, कारंजे. सावली देणारे झाड दाखवता येत नाही, कारण ते अनुदानाच्या मुदतीत वाढतच नाही. दख्खनच्या पठारावर लावलेल्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावे लागते आणि तोवर प्रकल्प बंद झालेला असतो. लहान नगरपरिषदेकडे भूदृश्य वास्तुविशारद नसतो. ती सल्लागार संस्था नेमते, सल्लागार दुसऱ्या शहरासाठी तयार केलेला सविस्तर प्रकल्प अहवाल थोड्याफार फरकाने पुढे करतो. नागपूर असो, ग्वाल्हेर असो वा बेळगाव, अलीकडच्या काळात अनुदानातून झालेली उद्याने एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात त्यामागे हे कारण आहे. संगीतमय कारंजे मात्र सर्वांना हवे असते. त्याचे उद्घाटन होते. त्याच्या पंपाचे वीजबिल आणि दुरुस्तीचा खर्च कोणत्याच अनुदानात बसत नाही.

अमृत अभियानाच्या सुधारणांच्या यादीत देखभालीचा विचार झाला होता, हे नमूद केले पाहिजे. प्रत्येक शहराने दरवर्षी किमान एक बालोद्यान उभारावे आणि उद्याने व क्रीडांगणे राखण्यासाठी लोकसहभाग व खासगी भागीदारी यांवर आधारलेली व्यवस्था निर्माण करावी, अशी अपेक्षा त्यात होती. पण देखभालीसाठी स्वतंत्र पैसा नव्हता आणि ती व्यवस्था पाच वर्षांनी टिकली की नाही, यावर पुढचा कोणताही हप्ता अवलंबून नव्हता.

दुसरा मार्ग नगर वन योजनेचा. ५ जून २०२० रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी देशभरात २०० नगर वने उभारण्याची घोषणा केली तेव्हा आदर्श म्हणून पुण्यातील वारजे येथील वन दाखवण्यात आले होते. उघड्याबोडक्या टेकडीवर वन विभाग, नागरिक आणि संस्था यांनी मिळून उभे केलेले हे वन खरोखरच अनुकरणीय आहे. पुढे योजनेचे उद्दिष्ट वाढवण्यात आले. तिच्यातून प्रति हेक्टर चार लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. हिशेब केला तर एका चौरस मीटरला ४० रुपये. दहा हेक्टरच्या, म्हणजे सुमारे पंचवीस एकरांच्या नगर वनासाठी ४० लाख रुपये येतात आणि त्यात कुंपण, रोपे, पाण्याची सोय आणि पायवाटा बसवायच्या. ही रक्कम तोकडी असली, तरी तिचा एक फायदा आहे. कमी पैशात पेव्हर ब्लॉक परवडत नाहीत; मातीच्या पायवाटा आणि स्थानिक झाडे परवडतात. वारजे येथेही टेकडी हिरवी झाली ती बांधकामातून नव्हे, तर राबणाऱ्या हातांतून.

या योजनेच्या पैशाचा उगम मात्र विसरता येणार नाही. तो राष्ट्रीय कॅम्पा निधीतून, म्हणजे खाणी, धरणे, रस्ते अशा कामांसाठी वनजमीन वळवताना प्रकल्पकर्त्यांनी भरलेल्या भरपाईतून येतो. कुठे तरी अरण्य गेले, म्हणून शहरात वन आले. हा व्यवहार कितपत न्याय्य, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

वित्त आयोगाच्या अनुदानाकडे पाहिले तरी चित्र फारसे वेगळे नाही. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी नगरसंस्थांना १ लाख २१ हजार ५५ कोटी रुपयांची शिफारस केली. दहा लाखांहून मोठ्या शहरांचा पैसा हवेची गुणवत्ता, पाणी आणि स्वच्छता यांच्याशी जोडला गेला. इतर शहरांचा ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील राहिला. पाणी आणि स्वच्छतेचा अग्रक्रम कोणी नाकारणार नाही. उरलेल्या ४० टक्क्यांतून उद्यान करता येते. पण त्याच रकमेवर रस्ते, दिवे आणि स्मशानभूमी यांचाही दावा असतो. शिवाय लेखापरीक्षित हिशेब वेळेवर प्रसिद्ध करणे आणि मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित होणे या अटी पाळल्या गेल्या नाहीत, तर हे अनुदान मिळतच नाही.

कर्जरोख्यांचा आजवरचा अनुभव काय सांगतो? पुणे महापालिकेने २०१७ मध्ये २०० कोटी रुपये उभारले ते चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी. गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटी उभारले ते सांडपाण्यावर प्रक्रिया करून उद्योगांना पाणी देण्यासाठी. इंदूरने २०२३ मध्ये हरित रोखे काढले ते सौर ऊर्जेसाठी. तिन्ही कामे चांगली, तिन्हींतून वसुली किंवा बचत दाखवता येते. उद्यानासाठी असे रोखे काढायचे तर प्रवेश शुल्क, उपाहारगृह, वाहनतळ आणि जाहिरात फलक दाखवावे लागतील. अर्बन चॅलेंज फंडाच्या अटीत बसणारे उद्यान म्हणजे तिकीट असलेले उद्यान, हा धोका त्यामुळे काल्पनिक नाही. ज्या कुटुंबाच्या घरात दोनच खोल्या आहेत आणि ज्या आजोबांना संध्याकाळी बसायला घराबाहेर दुसरी जागा नाही, त्यांच्यासाठी दहा रुपयांचे रोजचे तिकीट ही छोटी बाब नव्हे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा पर्याय अनेकदा सुचवला जातो. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात आणि पर्यावरण संवर्धन त्यात बसते. गुरुग्राममधील अरवली जैवविविधता उद्यान हे या मार्गाचे उजळ उदाहरण. खाणकामाने खरवडलेल्या जमिनीवर नागरिक, कंपन्या आणि पालिका यांनी स्थानिक झाडांचे जंगल उभे केले. मुंबईचा अनुभव वेगळा आहे. तिथे मोकळ्या जागा खासगी संस्थांना सांभाळायला देण्याच्या धोरणावर इतका वाद झाला की, २०१६ मध्ये राज्य सरकारला त्याला स्थगिती द्यावी लागली. सांभाळणारा हळूहळू मालकासारखा वागू लागतो, ही नागरिकांची तक्रार होती. दरडोई मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर असलेल्या शहरात ही शंका अनाठायी म्हणता येणार नाही. केंद्राच्या नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत हे प्रमाण १० ते १२ चौरस मीटर सुचवलेले आहे.

अनुदानाबरोबर जमिनीचे संरक्षणही देता येते, हे अमेरिकेच्या एका कायद्यावरून दिसते. तेथील लँड अँड वॉटर कन्झर्व्हेशन फंड १९६४ च्या कायद्याने निर्माण झाला. समुद्रातील तेल आणि वायूच्या उत्खननातून सरकारला मिळणाऱ्या उत्पन्नावर तो चालतो आणि २०२० च्या कायद्याने वर्षाला ९० कोटी डॉलर त्यासाठी कायमचे राखून ठेवण्यात आले. शहरांना उद्याने आणि पायवाटांसाठी त्यातून अनुदान मिळते तेव्हा साधारणतः निम्मा खर्च स्थानिक पातळीवर उभारावा लागतो. त्याहून महत्त्वाची अट पुढे आहे: एकदा हा पैसा घेतला की ती जागा कायम सार्वजनिक मनोरंजनासाठीच राहते. ती दुसऱ्या कामासाठी हवी असेल, तर केंद्रीय मंजुरी घेऊन तेवढ्याच किमतीची आणि तितकीच उपयुक्त जागा बदल्यात द्यावी लागते. आपल्याकडे असे संरक्षण न्यायालयातून मिळवावे लागते. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखीव भूखंड खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये अवैध ठरवला, तो रहिवाशांनी वर्षानुवर्षे लढा दिला म्हणून. केंद्राच्या अनुदानाला अशी अट जोडणे अवघड नाही; त्यासाठी वेगळा पैसाही लागत नाही.

देखभालीचा प्रश्न पैशाशिवाय सुटणार नाही, पण तो पैसा संपूर्णपणे दिल्लीतून येण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील महापालिकांच्या मालमत्ता कराच्या देयकावर वृक्ष उपकराची एक ओळ असते. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याच्या चौकटीतून आलेला हा उपकर नागरिक आजही भरतात. त्याची शहरनिहाय जमा आणि खर्च प्रकल्प अहवालातच मांडले, पहिली पाच वर्षे रोपांना पाणी आणि माळ्यांना वेतन कोणत्या खात्यातून दिले जाईल हे लिहून दिले आणि राज्याच्या तांत्रिक समितीने हा तक्ता नसलेला अहवाल परत पाठवला, तर प्रस्तावांची संख्या कदाचित घटेल. आलेल्या प्रस्तावांतील झाडे मात्र तिसऱ्या उन्हाळ्यातही उभी असतील. हा बदल करायला नव्या योजनेची वा नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. समितीच्या तपासणी पत्रकात एक रकाना वाढवावा लागेल.