प्लाझ्मा म्हणजे किरणोत्सर्ग नव्हे



प्लाझ्माने निर्जंतुक केलेल्या बाटलीतला रस किरणोत्सर्गी होतो, हे गेल्या अंकातल्या पत्रातले विधान साफ चुकीचे आहे. अशाने लोक विनाकारण धास्तावतात, म्हणून हा खुलासा.

प्लाझ्मा म्हणजे विजेने आयनीभूत केलेला वायू. कमी दाबाखाली तो बाटलीत पेटवला की इलेक्ट्रॉन प्रचंड तापतात, पण वायू फारसा तापत नाही. हेच महत्त्वाचे. बाटलीचे पेट प्लास्टिक सत्तर-पंचाहत्तर अंशांपुढे मऊ पडते. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत उकळते पाणी ओतले की ती कशी आक्रसते, हे घरोघरी ठाऊक आहे. त्यामुळे वाफेने निर्जंतुक करण्याचा मार्ग बंद. म्हणून कारखान्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पेरॅसिटिक आम्ल वापरतात आणि त्याचा अंश उरू नये म्हणून पुन्हा खटाटोप करतात. प्लाझ्मात अतिनील किरण आणि ऑक्सिजनचे क्रियाशील कण जंतू मारतात. वीज बंद केली की प्लाझ्मा क्षणात विझतो. बाटली किरणोत्सर्गी होण्याचा प्रश्नच येत नाही.

मात्र प्लाझ्मा सर्वगुणसंपन्न आहे, असेही मी म्हणणार नाही. त्याचा मारा पृष्ठभागापुरता. बीजाणू एकावर एक साचले, तर वरचे मरतात आणि खालचे त्यांच्या आडोशाला वाचतात. काळ्या बुरशीचे बीजाणू तर रंगद्रव्यामुळे अतिनील किरणांनाही सहजी दाद देत नाहीत. बाटलीच्या गळ्याशी, आट्यांमध्ये प्लाझ्मा सारखा पोहोचतो का, हे प्रत्येक आकारासाठी तपासावे लागते. पत्रलेखकांनी शंका घ्यायचीच तर इथे घ्यावी.

— अन्नतंत्रज्ञानाचा एक अभ्यासक, पुणे