आपली वंशावळ आपणच लिहायला हवी

५ मे २०२५ पासून कर्नाटकात न्यायमूर्ती नागमोहन दास आयोगाने अनुसूचित जातींची घरोघरी गणना सुरू केली. अंतर्गत आरक्षणासाठी आकडे हवे होते, म्हणून प्रत्येक कुटुंबाला पोटजात विचारली गेली. बंगळुरूत आणि जुन्या म्हैसूर भागात लाखो लोकांच्या दाखल्यावर ‘आदि कर्नाटक’ किंवा ‘आदि द्रविड’ एवढेच लिहिलेले असते. अपमानाची जातनावे टाकून देता यावीत म्हणून गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ही नावे रूढ झाली. आता सरकार विचारते, त्याआधी तुम्ही कोण होतात? होलेय की मादिग? ज्या घरात आजी-आजोबा हयात नाहीत आणि कागदही नाही, तिथे याचे उत्तर कोण देणार?

मी मराठी बौद्ध. नोकरीसाठी बंगळुरूत येऊन बारा वर्षे झाली. आयोगाचा प्रश्न आमच्या घरासाठी नव्हता, पण तो मला परका वाटला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या आजोबा-पणजोबांनी बाबासाहेबांसोबत जुने सगळे टाकले. पण सवलत मागायची वेळ आली की तेच जुने नाव कागदावर दाखवावे लागते. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत जागा मिळाली ती १९९० साली, आणि तीही ‘पूर्वी कोण होतात’ हे सिद्ध करण्याच्या अटीवर.

बंगळुरूत राहणाऱ्यांसाठी हे आणखी अवघड आहे. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एका राज्यातील अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर तिथल्या राज्याच्या सवलती त्याला मिळत नाहीत. म्हणजे इथेच जन्मलेल्या, इथेच शिकलेल्या आपल्या मुलांचा दाखलाही महाराष्ट्रातल्या गावाशी जोडावा लागतो. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधी घराणे तिथे राहत होते याचा पुरावा लागतो. मुलीला मराठी वाचता येत नाही, गावातले घर पडले आहे, चुलत्यांशी बोलणे नाही, आणि अर्ज भरायची मुदत पंधरा दिवसांवर आली आहे. अशा वेळी मला फोन करणारे इथले चार-पाच जण तरी दरवर्षी असतात.

वंशावळ हा शब्द ऐकला की आपल्यातले पुष्कळ जण नाक मुरडतात. त्याला कारण आहे. चित्पावनांच्या कित्येक आडनावांचे कुलवृत्तांत विसाव्या शतकात छापून निघाले. कुलमंडळे निघाली, घरोघरी पत्रे गेली, माहितीचे तक्ते भरून आले, वर्गणी जमली. आज ज्याला सहकारी वंशावळ म्हणतात, ते काम त्या समाजाने पोस्टकार्डावर केले. हरिद्वार, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पिढ्यान्‌पिढ्या भरत राहिल्या. हरिद्वारच्या वह्यांचे तर अमेरिकेतील मॉर्मन चर्चच्या वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्मिंग केले. काळाराम मंदिराच्या दारात ज्यांना १९३० साली सत्याग्रह करावा लागला, त्यांना तीर्थाच्या वहीत कितपत जागा असणार? जुन्या वह्यांतली ही पोकळी मायक्रोफिल्मवरही तशीच उतरते.

पण आपली नोंदच नाही, हे मात्र खरे नाही. नोंद आहे, ती आपल्या हातात नाही एवढेच. गावातल्या मयताची वर्दी पोचवणे हे महाराच्या वतनी कामांपैकी एक होते. वर्दी त्याने न्यायची आणि वही दुसऱ्याने लिहायची. ती जन्म-मृत्यूची नोंद आज कोतवाल बुकाची नक्कल म्हणून तहसील कार्यालयात मिळते. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनांच्या नोंदी झाल्या. १९२८ साली याच कायद्यात दुरुस्ती करायला बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, तेव्हा जमिनींचे पुन्हा कागद झाले. शाळांची रजिस्टरे आहेत. लष्कराच्या नोंदी आहेत. कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ने संपणारी नावे दगडात कोरलेली आहेत. हे सगळे लिहिणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी लिहिले, कर घ्यायला, राबवून घ्यायला, पगार द्यायला. त्यातून आपले पूर्वज शोधून काढणे हे आपले काम आहे.

हे काम एकट्याने होत नाही. कारण आपली नावे स्थिर राहिली नाहीत. बाबासाहेबांचे घराणे सकपाळ. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत नाव घातले, तिथल्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. त्या एका नोंदीच्या दिवसाला आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणतात. वडिलांचे नाव, गावाचे नाव आणि रजिस्टर हाताशी नसेल, तर सकपाळ आणि आंबेडकर एकाच घरातले हे परक्याला कसे कळणार? आपल्या प्रत्येक भावकीत असेच आहे. एका भावाने गावावरून आडनाव लावले, दुसऱ्याने जुनेच ठेवले, तिसऱ्याने शहरात आल्यावर बदलले. एकाकडे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असतो, दुसऱ्याकडे गिरणीचे ओळखपत्र, आत्याकडे फक्त आठवण. हे तुकडे शेजारी शेजारी ठेवले तरच साखळी जुळते. पुन्हा, वडिलांकडच्या रक्तनात्यातील एकाचे जात वैधता प्रमाणपत्र इतरांसाठी भक्कम पुरावा ठरते. म्हणजे चुलतभावाच्या पेटीतला कागद तुमच्या मुलीचा प्रवेश वाचवू शकतो.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी ही वाट आधी चालली आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. तिच्यात मालकाचे नाव असे आणि गुलामाचे बहुधा फक्त वय, लिंग, वर्ण. सगळ्यांची नावे आली ती १८७० साली. त्याच्या मागे जाणे म्हणजे भिंतीवर डोके आपटणे. मुक्त झालेल्यांसाठी १८६५ ला सरकारने जे कार्यालय काढले, त्याची कागदपत्रे २०१५ आणि २०१६ मध्ये हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून वाचली आणि सुमारे १८ लाख नावांची सूची तयार केली. प्रत्येकाने आपलाच पणजोबा शोधला असता, तर ही सूची झाली नसती.

तरीही त्यांचा किंवा कुलमंडळांचा नमुना जसाच्या तसा उचलायला माझा विरोध आहे. बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधात दाखवून दिले, की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न केल्याने. कुलवृत्तांत हा त्याच व्यवहाराचा जमाखर्च असतो. त्यात गोत्र असते, कुलदैवत असते, आणि मुलगी लग्नानंतर पानावरून गळते. आपल्या वंशावळीत गोत्राचा रकाना नको. त्या जागी कामाचा रकाना हवा. कोण गिरणीत होते, कोण पलटणीत, कोणी कुणाच्या शेतावर किती वर्षे राबले, घरात पहिल्यांदा शाळेत कोण गेले, दीक्षा कुठे घेतली. आईचे माहेर आणि तिच्या आईचे माहेर हवे. सरकारचा पुरावा बापाच्या बाजूने चालतो म्हणून आपली आठवणही त्याच बाजूने चालावी, असे काही नाही. आंतरजातीय लग्न करून गेलेल्यांची नावे खोडायची नाहीत.

दुसरी सावधगिरी जागेबद्दल. कुणीही भर घालू शकेल असे कुटुंबवृक्ष मोबाईलवर मिनिटात तयार होतात. पण बंगळुरूत घर भाड्याने घेताना आडनाव, गाव, जेवण विचारून जात काढणारे घरमालक आहेत. कार्यालयात जात न सांगता दिवस काढणारी आपली मुले आहेत. ते लपवणे म्हणजे भेकडपणा, असे मी कधी म्हणणार नाही. त्यामुळे हयात माणसांची माहिती खुल्या जागी टाकायची नाही. ज्याची नोंद, त्याची परवानगी. दाखल्यांची छायाचित्रे भावकीतल्या दोन-तीन विश्वासू माणसांकडे, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत. मृतांची नावे, गावे, कामे मात्र मोकळेपणाने द्यावीत. त्यांना आता कुणी घर नाकारणार नाही.

येत्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे. त्याआधी एवढे करता येईल. यंदा गावी जाल तेव्हा शाळेचा निर्गम उतारा आणि कोतवाल बुकाची नक्कल काढा. आजी, मावशी, आत्या यांना बोलते करा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करा. कन्नड, तेलुगू, तमिळ शेजाऱ्यांनाही हे सांगा, आदि कर्नाटक लिहिलेल्या घरांना त्याची गरज आपल्याइतकीच आहे. आणि दाखल्याचे काम झाल्यावर तो कागद पुन्हा पेटीत टाकू नका, चुलतभावाला पाठवा. त्याच्याशी बोलणे बंद असेल, तरी पाठवा.