चोथ्याचा जमाखर्च

भाज्या भरपूर खाव्यात, कोंड्यासकट कणकेची पोळी खावी, मोड आलेली कडधान्ये खावीत, हे मुलांना लहानपणापासून सांगितले जाते. म्हणूनच एखाद्या मुलाला रुग्णालयातून ‘लो रेसिड्यू डाएट’चा कागद मिळाला, की घरातील वडीलधारी मंडळी बुचकळ्यात पडतात. तेथे सारे उलटेच लिहिलेले असते. मैदा चालेल, कणीक नको. पांढरा भात चालेल, उसळ नको. फळ द्यायचे तर साल व बिया काढून, शिजवून.

पचनानंतर आतड्यात कमीत कमी चोथा उरावा, एवढाच या आहाराचा हेतू. क्रोन्स या विकारात आतड्याला सूज येऊन मार्ग अरुंद झाला असेल, आतड्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा कोलोनोस्कोपी दोन-तीन दिवसांवर आली असेल, तर डॉक्टर तो सांगतात. या आहाराने रोग बरा होत नाही. आतड्यावरचा भार तेवढा हलका होतो. बद्धकोष्ठाच्या मुलाला तर तो अपायकारकच ठरेल. तो केव्हा सुरू करावा आणि केव्हा थांबवावा, हे दोन्ही निर्णय डॉक्टरांचेच असावेत.

व्यापारी कुटुंबांना हा विषय हिशेबाच्या भाषेत लवकर उमगतो. दिवसाला साधारण 10 ते 15 ग्रॅम तंतू ही मर्यादा सांगितली जाते. लहान मुलासाठी आहारतज्ज्ञ ती वयानुसार ठरवतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार 100 ग्रॅम सडीच्या तांदळात किंवा मैद्यात जेमतेम 3 ग्रॅम तंतू असतात, कणकेत सुमारे 11, मुगाच्या डाळीत 9, अख्ख्या मुगात 17 आणि अख्ख्या हरभऱ्यात 25. तीस ग्रॅम कणकेची एक पोळी धरली, तर तीन पोळ्यांतच दहा ग्रॅम खर्ची पडतात. तितक्याच वजनाच्या तांदळाचा भात अडीच ग्रॅममध्ये होतो.

खरी अडचण पुढे आहे. असे छापील कागद जैन स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले नसतात. अंडे, मासे, कुस्करलेला बटाटा, शिजवलेले गाजर, आरारूटची कांजी यांवर रेघ मारली, की अर्धा कागद कोरा होतो. साबुदाणाही कंदाचाच, म्हणून पुष्कळ घरांत वर्ज्य. कोऱ्या जागा भरायच्या राहून जातात, आणि आधीच अशक्त झालेले मूल भात व साखर यांवरच दिवस काढते. क्रोन्समध्ये मुलांची वाढ खुंटते, वयात येणेही लांबते. अशा मुलाला उपाशी ठेवणे परवडणारे नाही.

कंदांच्या जागी साल व बिया काढलेला दुधी, लाल भोपळा आणि दोडका घ्यावा. आरारूटऐवजी तांदळाची पेज चालते. प्रथिनांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. डाळीचे नुसते पाणी ‘पौष्टिक’ म्हणून पाजले जाते, परंतु त्यात प्रथिने फारशी उतरत नाहीत. तीस ग्रॅम मुगाची डाळ अगदी मऊ शिजवून, घोटून, गाळणीतून दाबून काढली, तर सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात आणि तंतू तीन ग्रॅमच्या आत राहतात. जोडीला ताजे पनीर व दही. दुधात तंतू नसतात, तरी अनेक कागदांवर दिवसाला दोन पेल्यांचीच मुभा असते. दूध सोसत नसेल तर दही बहुधा सोसते. खिचडीवर कच्चे दही घातले की द्विदल होते, त्यामुळे दहीभात एका वेळी व मूगखिचडी दुसऱ्या वेळी ठेवावी. साजूक तूप मात्र मोठे उपकारी. त्यात चोथा नाही आणि एका चमच्यात सुमारे 45 कॅलरी आहेत. सुकामेवा, तीळ, शेंगदाणे, मेथीचे लाडू यांचा मोह आजीने काही काळ आवरावा. मैद्याचा खाकरा, चुरमुरे, तांदळाचे धिरडे, शेवयांची खीर, पिकलेले केळे आणि शिजवलेले सफरचंद एवढे पुष्कळ आहे.

अष्टमी-चतुर्दशीला आणि पर्युषणात हिरवी भाजी बंद झाली, की आपल्याकडे मूग, मटकी, हरभरे रांधले जातात. या मुलाला नेमके तेच वर्ज्य. त्या दिवसांसाठी गाळलेले मूगवरण, मऊ भात आणि पनीर यांचे वेगळे पान आधीच आखून ठेवावे, ऐन वेळी धावपळ होत नाही.

चौविहाराचा विचारही आधीच व्हावा. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. नवकारशीनंतर धरले, तर पाच-सहा लहान जेवणांसाठी दहा तास मिळतात आणि रात्र तेरा-चौदा तासांची होते. निरोगी मुलाला ती जड जात नाही. आजारी मुलाचे, विशेषतः औषधे वेळेवर घ्यायची असताना, तसे नसते. प्रत्याख्यानात आगार ठेवलेले आहेत, ते अशाच प्रसंगांसाठी. महाराजसाहेबांना सारी परिस्थिती सांगून विचारावे. मनातल्या मनात कुढत राहणे कोणाच्याच हिताचे नाही.

स्वामीवात्सल्याला मुलाला घरी ठेवण्याऐवजी त्याचा डबा बरोबर न्यावा. पंगतीत वेगळे ताट असले, तरी पंगत तीच राहते. ‘एक घास खाल्ला तर काय होते’ असे म्हणणारे काका-मावशी प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांना आईने नव्हे, वडिलांनी अगोदर समजावून सांगितलेले बरे.

स्वयंपाकघरात एक वही असावी. दिवसाचे पदार्थ, पोट दुखले का, शौचास किती वेळा झाले आणि आठवड्याचे वजन, एवढेच तीत लिहावे. वजन सलग दोन आठवडे घटले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना ती वही दाखवावी. त्यांनी मर्यादा सैल केली, की आरंभ अर्ध्या फुलक्याने करावा. दोन-तीन दिवस पोट शांत राहिले तर पूर्ण फुलका, मग न गाळलेले मूगवरण, त्यानंतर सोललेल्या भाज्या थोड्या अधिक. उसळी, मका आणि सुकामेवा सर्वांत शेवटी, तेही डॉक्टरांना विचारूनच.