हळदीचा डाग आणि वाचनसंस्कृती

आमच्या तालुक्याच्या गावात पाऊस आणि वाचनसंस्कृती या दोन गोष्टी दर वर्षी कमी होत चालल्याचं जाहीर होतं. पावसाचं तहसील कचेरी बघून घेते. वाचनसंस्कृतीसाठी मात्र पुण्याहून व्याख्याता आणावा लागतो. तो येतो, तासभर ऱ्हासावर बोलतो, मग गावातल्याच एखाद्या घरी पुरणपोळी जेवतो आणि रात्रीच्या एस.टी.नं परत जातो. ज्या घरी तो जेवतो त्या घरातली बाई व्याख्यानाला आलेली नसते. ती पुरण वाटत असते. ऱ्हासाच्या कारणांत हा तपशील मी अजून एकाही व्याख्यानात ऐकलेला नाही.

मी बँकेत क्लार्क. शिक्षण बी.कॉम. साहित्यावर बोलण्याचा अधिकार मला नाही, हे गावातल्या साहित्यिकांनी मला वेळोवेळी, चहा माझ्या खात्यावर पिऊन, सांगितलेलं आहे. पण जमाखर्च मला कळतो, आणि त्या बळावर सांगतो : मराठी मध्यमवर्गीय घरात जे पुस्तक पुन्हा पुन्हा, शब्द न् शब्द तपासून वाचलं गेलं, ते पाककृतीचं पुस्तक. आणि नेमकं तेच वाचन आम्ही वाचनात धरत नाही.

हे आत्ताच सांगायचं कारण, आमच्या वाचनालयाची सर्वसाधारण सभा. सूचनापत्रात सातवा विषय आहे : ‘खराब व कालबाह्य पाककृतीची पुस्तके बाद करून रद्दीत काढणे.’ मी आजीव सभासद असल्यामुळे कार्यकारिणीला विचारायला गेलो. तीन उत्तरं मिळाली. एक, ही पुस्तकं साहित्य नव्हेत. दोन, ती फार मळलेली आहेत. तीन, आता सगळं मोबाईलवर मिळतं.

आधी मळण्याचं बघू. वाचनालयाच्या दर्शनी काचेच्या कपाटात जाडजूड कादंबऱ्या आहेत. त्या कोऱ्या करकरीत आहेत. काहींची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत आणि त्यांना वेगळं करण्याचं पाप कुणी केलेलं नाही. उलट पाककृतीच्या पुस्तकांवर हळद आहे, तेल आहे, एके ठिकाणी मला वेलदोड्याचं साल सापडलं. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के मावेनात म्हणून दुसरी चिठ्ठी डकवलेली. आमच्या बँकेत ज्या पासबुकाची अशी दशा होते त्या खात्यावर उलाढाल चांगली आहे असं आम्ही समजतो, आणि कोऱ्या पासबुकाचं खातं ‘निष्क्रिय’ या सदरात टाकतो. वाचनालयात हिशेब नेमका उलटा आहे.

आता साहित्याचं. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं संस्कृतात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात मांडे आहेत, वडे आहेत आणि उंदीर भाजण्याची कृतीसुद्धा आहे. त्याला सांस्कृतिक इतिहासाचं मोलाचं साधन म्हणतात. बरोबरच आहे. राजानं उंदीर भाजला तर ते साधन, आणि आमच्या काकूंनी वांगं भाजलं तर ती रद्दी! पु. ल. देशपांडे यांचं ‘माझे खाद्यजीवन’ ललित साहित्यात, तेही योग्यच. मला ते अर्धंअधिक पाठ आहे. पण खाण्याबद्दल लिहिलं की ललित आणि करण्याबद्दल लिहिलं की किरकोळ, ही विभागणी कुठल्या शास्त्रात बसते? ग्रंथालयशास्त्रात तर नाही. ड्यूईसाहेबानं आपल्या दशांश पद्धतीत पाककलेला ६४१ हा आकडा देऊन ठेवलाय. अमेरिकेत बसून त्याला जी जागा सापडली ती आमच्या कार्यकारिणीला दोन खोल्यांत सापडत नाही.

या पुस्तकांनी केलं काय, ते बघा. पूर्वी स्वयंपाकाचं शास्त्र घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या मनगटात असे. ‘मीठ किती घालू?’ ‘हाताला कळतं.’ ‘भाजणी किती भाजू?’ ‘वासावरून कळतं.’ नव्या सुनेच्या हाताला आणि नाकाला काहीच कळत नसे आणि ते कळू नये अशीच तजवीज असे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ विसाव्या शतकाच्या आरंभी आलं होतं, पण घराघरात खरा बोभाटा झाला तो ‘रुचिरा’चा. साल १९७०. लेखिका कमलाबाई ओगले सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या, शाळा चौथीपर्यंत. या बाईंनी मापं दिली ती वाटीत आणि चमच्यात. म्हणजे ज्या घरी तराजू नाही, आणि जवळ सांगायला सासू नाही (किंवा आहे पण सांगत नाही), त्या मुलीलासुद्धा एकटीच्या बळावर चकली करता यावी. नवऱ्याची बदली झाली म्हणून परमुलखात दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडणाऱ्या बाईला हे पुस्तक म्हणजे काय वाटलं असेल! माहितीचा अधिकार सरकारनं २००५ साली दिला. स्वयंपाकघरात तो पस्तीस वर्षं आधीच पोचला होता.

आमच्या आईची ‘रुचिरा’ माझ्यासमोर आहे. बांधणी सुटलेली, वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर. वाचनालयाचं कार्ड वडिलांच्या नावावर होतं. येताना ते तिच्यासाठी एक कादंबरी आणत. तांदूळ ती निवडायची, पुस्तक वडील निवडायचे. दुपारी दोन ते तीन, मांडीवर सूप आणि डाळीच्या डब्याला टेकून उभी केलेली कादंबरी, असं तिचं वाचन चाले. तीन वाजता चहाचं आधण. त्या कादंबऱ्यांवर तिनं पेन्सिलीची रेघसुद्धा ओढली नाही, कारण पुस्तक दुसऱ्याचं. पण ‘रुचिरा’ तिची स्वतःची. तिच्या समासात ती लिहायची.

चकलीच्या पानावर : ‘दिवाळी ८६. मोहन जास्त. तेलात विरघळल्या. पुढच्या वेळी निम्मं.’ बासुंदीपाशी : ‘दूध नासलं. साखर घालून आटवलं. कलाकंद म्हणून वाढलं. सर्वांनी वाखाणलं.’ अळूवडीपाशी : ‘यांच्या घशाला खाज. बोलले नाहीत. चिंच वाढवणे.’ श्रीखंडाचं प्रमाण आठ माणसांचं होतं. ते खोडून ‘आमच्याकडची पाच’. मोठमोठ्या टीकाकारांना जे चार पानांत जमत नाही ते इथं चार शब्दांत आहे. प्रयोग, निष्कर्ष, सुधारणा, शिवाय नवऱ्याचं चरित्र.

आणि गुळाच्या पोळीच्या पानावर एवढंच : ‘आण्णांना न्यायची राहिली.’

आण्णा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. त्या वर्षी संक्रांतीनंतर पंधरा दिवसांनी ते गेले. यावर आईनं आजतागायत तोंडातून अक्षर काढलेलं नाही. तिनं डायरी लिहिली नाही, पत्रं लिहिली ती खुशालीची. तिचं जे काही लेखन आहे ते या समासात आहे. साहित्य कशाला म्हणतात ते कार्यकारिणीनं मला अवश्य शिकवावं. मी वही घेऊन येतो.

राहता राहिला मोबाईल. आमच्या सौ. मोबाईलवर बघून करतात, उत्तम करतात. पण मोबाईलला समास नाही. कणकेच्या हातानं त्याला शिवता येत नाही. तेल तापल्यावर, मोहरी टाकायच्या क्षणी त्यावर गृहकर्जाची जाहिरात लागते (आमच्याच बँकेची असते हे घरात बोलायची सोय नाही) आणि फोडणी करपते. परवा पडदा काळा झाल्यावर सौ. ओरडल्या, “अहो, आधी या, याला बोट लावा! माझे हात भरलेत.” मी रविवारची पुरवणी खाली ठेवून उठलो आणि पडद्याला बोट लावलं. आमच्या घरात पाकक्रियेला पुरुषाचा जो हातभार लागतो तो हा.

माझी मागणी साधी आहे. सातवा विषय मागे घ्या. पुस्तकांची बांधणी करा, खर्चाला वर्गणी काढा, माझी पहिली पावती फाडा. काचेच्या कपाटातला खालचा एक खण मोकळा करा. तिथल्या मंडळींची झोप मोडणार नाही याची काळजी घेऊ. आणि घरटी एक कार्ड, तेही कर्त्या पुरुषाच्या नावावर, ही पद्धत बंद करा. बाई स्वतःच्या नावावर बँकेत खातं काढू शकते, तर कादंबरीही काढू शकेल.

सभा रविवारी सकाळी दहाला आहे. आईला सगळं वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अरे, भांडायचं तेवढं भांड. पण नाहीच ऐकलं त्यांनी, तर रद्दीच्या भावानं ‘रुचिरा’चा दुसरा भाग घेऊन ये. तो माझ्याकडे नाहीये.”