छंद-फंद : वाकलेली तबकडी

दोस्तांनो, आज सुरुवात एका कोड्याने. बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला किती खाचा असतात? शंभर? हजार? आई-बाबांनाही विचारून बघा, भली भली माणसं इथे फसतात. उत्तर आहे, फक्त एक! कडेपासून सुरू होऊन जिलबीसारखी गोल गोल फिरत मध्यापर्यंत जाणारी एकच खाच. ही तबकडी मिनिटाला ३३ पूर्णांक १/३ वेळा फिरते. बावीस मिनिटांच्या बाजूला किती फेरे होतील, हे तुम्हीच काढा. मी एकदा दोरा-पट्टी घेऊन हिशेब केला होता. ती खाच सरळ उलगडली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. तेवढी वाट सुई गात गात चालते.

गाते कशी? खाचेच्या भिंती सरळ नसतात, नागमोडी असतात. त्या नागमोडींवरून जाताना सुई थरथरते. त्या थरथरीची वीज होते, ती वाढवली जाते आणि स्पीकरमधून आवाज येतो.

पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी लाखेच्या असत. जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजायच्या आणि हातातून पडल्या की पापडासारखे तुकडे! १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइल नावाच्या प्लॅस्टिकची एल.पी. आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. रागदारी गाणाऱ्यांची केवढी सोय झाली! व्हिनाइल सहसा फुटत नाही. पण त्याला एक शत्रू आहे, ऊन. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही.

१९७९ चा मे महिना. मी सातवीची परीक्षा देऊन आजोळी गेलो होतो. आजोबांकडे चौदा एल.पी. होत्या आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही, असा घरात कायदा होता. एका दुपारी आजोबा झोपलेले पाहून मी भीमसेन जोशींची एल.पी. बाहेर काढली. आतल्या पातळ कागदातून काढून खिडकीच्या उजेडात तिच्या खाचा मोजू लागलो (कोड्याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं ना!). तेवढ्यात खालून हाक आली, "अरे, बॅटिंग तुझी!" रेकॉर्ड खिडकीत ठेवून मी पळालो.

तासाभराने परत आलो तर तबकडीची एक कड होडीसारखी वर आलेली. मी ती गुपचूप कव्हरात सरकवली आणि गप्प बसलो.

चार दिवसांनी आजोबांनी ती लावली. सुई वर-खाली हेलकावे खाऊ लागली, आवाज बोटीत बसल्यासारखा डुलायला लागला. आता मार बसणार म्हणून मी दाराशी उभा. आजोबांनी सुई उचलली, रेकॉर्ड कव्हरात घातली आणि एवढंच म्हणाले, "ऊन लागलं वाटतं." मार परवडला असता.

तेव्हापासून खाऊचे पैसे साठवून मी दर रविवारी जुन्या बाजारात जाऊ लागलो. तीच रेकॉर्ड शोधायची आणि आजोबांना द्यायची, एवढाच बेत. पहिल्याच वेळी फसलो! कव्हर हवं ते, आत निघाली भलतीच सिनेमाची गाणी. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला माझी दया आली असावी. त्यांनीच शिकवलं, की कव्हरावर भरवसा ठेवायचा नाही, मधली चिकटवलेली चकती वाचायची. रेकॉर्ड उजेडात तिरपी धरायची, म्हणजे ओरखडे दिसतात. धरायची ती कडांनी, खाचेला बोट लावायचं नाही. घरी ठेवायची ती पुस्तकासारखी उभी. एकावर एक रचली की गेली.

शोध दोन वर्षं चालला. मधल्या काळात मी 'ही नाही, पण ही तरी घेऊ' करत करत अकरा रेकॉर्डी जमवल्या. शहनाई, सतार, बालगीतं, एकदा तर नुसती भाषणं! छंद लागतो तो असा.

जाता जाता सांगतो, रेकॉर्डींमध्ये सगळ्यात लांब प्रवास केलाय तो एका सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीने. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर ती अवकाशात गेली. जगभरातल्या संगीताबरोबर तिच्यावर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. २०१२ मध्ये पहिलं व्हॉयेजर ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं. तिथे रेकॉर्ड वाकवायला ऊन नाही आणि माझ्यासारखा नातूही नाही.

तर, १९८१ च्या दिवाळीत मला ती एल.पी. सापडली. आजोबांच्या हातात दिली आणि सगळं कबूल केलं.

"ठाऊक होतं रे," आजोबा म्हणाले. "आतला कागद खिडकीतच विसरला होतास."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू कधी बोलतोस, ते बघत होतो."

आम्ही दोघांनी रेकॉर्ड पूर्ण ऐकली. संपल्यावर ते म्हणाले, "गाणं तेच. पण आपल्या रेकॉर्डीत तिसऱ्या मिनिटाला एक टक् व्हायचं, ते हिच्यात नाही."

आता आजोबा नाहीत. दोन्ही रेकॉर्डी माझ्याकडे आहेत. चांगली वाजते ती पाहुण्यांसाठी. वाकलेली मी एकटा असताना लावतो. सुई हेलकावे खात जाते आणि तिसऱ्या मिनिटाला, हो, अजूनही टक् होतं.