पंगत मोडू नये, पानही चुकू नये

भाद्रपद जवळ आला की वऱ्हाडातील घरांना महालक्ष्म्यांचे वेध लागतात. इतरत्र ज्यांना ज्येष्ठागौरी म्हणतात, त्या आपल्याकडे महालक्ष्म्या. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. जेवणाच्या दिवशी पुरणपोळी, ज्वारीच्या पिठाची आंबील, कढी, वडे, सोळा भाज्या असा स्वयंपाक होतो. पुण्या-मुंबईस नोकरीसाठी गेलेली मुलेही या दिवशी गावी येतात. घरातील वडीलधाऱ्यांना वर्षभर ज्या दिवसाची वाट असते, तो हाच.

मंगरूळपीर तालुक्यातील एका आजींचे पत्र समोर आहे. त्यांच्या सात वर्षांच्या नातवाला शेंगदाणा आणि तीळ यांची ॲलर्जी आहे. गेल्या दिवाळीत ‘एवढ्याशाने काय होते’ असे म्हणून आजींनी दाण्याच्या कुटाचा अर्धा लाडू प्रेमाने त्याच्या हातावर ठेवला. काही मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला. रात्री धावपळ करून रुग्णालय गाठावे लागले. मूल बरे झाले. पण तेव्हापासून सून त्याला आजीजवळ एकटे ठेवीत नाही. आजी लिहितात, “ती बोलत काही नाही, पण मला कळते. यंदा पंगतीच्या वेळी नातवाला शेजारी पाठवावे, की येऊच नका असे मुलाला सांगावे?”

आजी, दोन्ही करू नका. नातू आपल्याच घरी, आपल्याच पंगतीत, सर्वांच्या बरोबरीने जेवावा. त्यासाठी लागणारी विद्या कोणा तज्ज्ञाइतकीच आपल्याजवळ आहे. ती कशी, हे पुढे येईल. आधी त्या ‘एवढ्याशाने’ या शब्दाचा विचार करू.

एवढ्याशाने काय होते?

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञाने रूढ केला. शरीराची संरक्षणव्यवस्था अन्नातील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजून त्यावर तुटून पडते, ती ही अवस्था. यात अन्नाचा दोष नाही आणि मुलाच्या खोडीचाही नाही. मिरचीचा तिखटपणा प्रमाणावर अवलंबून असतो; येथे मात्र काहींना कणभर पदार्थही पुरतो. मागील वेळी केवळ खाज सुटली म्हणून पुढील वेळीही तेवढ्यावरच भागेल, याची शाश्वती नसते.

“थोडे थोडे दिले की सवय होते,” असेही आपण म्हणतो. यात सत्याचा एक अंश आहे. म्हणूनच ते नीट समजून घ्यावे. ब्रिटनमध्ये झालेला ‘लीप’ नावाचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या, ४ ते ११ महिन्यांच्या बाळांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, तेव्हा पाचव्या वर्षी त्यांच्यात ही ॲलर्जी फारच कमी आढळली. म्हणजे उष्टावणानंतर निरनिराळे अन्न बाळाच्या तोंडी लागू देण्याची आपली रीत चुकीची नव्हती. पण हे ॲलर्जी होण्यापूर्वीचे झाले. एकदा ती झाल्यावर घरच्या घरी ‘सवय’ लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. मोजून मात्रा वाढविण्याचे उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होतात.

दुसरा घोळ ‘पित्त’ या शब्दाने होतो. अंगावर गांधी उठल्या की आपण “पित्त उठले” म्हणतो, आमसुलाचे पाणी लावतो आणि निश्चिंत होतो. केवळ त्वचेवरील गांधी पुष्कळदा आपोआप ओसरतातही. परंतु खाण्यानंतर गांधींसोबत श्वास लागणे, आवाज बसणे, वारंवार उलटी किंवा घेरी येणे, यांपैकी काहीही दिसले, तर ते पित्त नव्हे. ती तातडीची अवस्था आहे.

आपल्या स्वयंपाकघरातील लपलेल्या जागा

वऱ्हाडी स्वयंपाकात दाण्याचा कूट कोठे नसतो? वांग्याच्या भाजीत, ठेच्यात, भगरीबरोबरच्या आमटीत, साबुदाण्याच्या खिचडीत तो असतोच. ‘पंचामृत’ तर दोन प्रकारचे. देवाचे दुधा-दह्याचे, पानात वाढायचे ते तीळ, दाणे, चिंच, गूळ यांचे. एकाच नावाने घोटाळा होऊ शकतो. संक्रांतीच्या हलव्याच्या आतही अनेकदा तीळ असतो.

हरभऱ्याची ॲलर्जी असेल तर आपल्याकडील सण अधिकच अवघड. पुरण, कटाची आमटी, कढी, भजी, पाटवडी, गोळाभात, सर्वत्र हरभरा. भारतीय उपखंडात हरभरा हा ॲलर्जीचे एक प्रमुख कारण असल्याचे भारतीय संशोधकांनी २००१ साली नोंदविले होते. अशा वेळी पुरणाऐवजी दुसरी डाळ घेण्याचा मोह होतो. पण एका डाळीची ॲलर्जी असणाऱ्यास दुसरीचीही असू शकते. डॉक्टरांना विचारल्यावाचून असा बदल करू नये. गव्हाची अडचण नसेल तर सांज्याची किंवा रताळ्याची पोळी करावी. तीही सणाला शोभतेच.

चक्की ही अशीच एक जागा. आधीच्या गिऱ्हाइकाचे बेसन दळून झाले असेल तर त्याचा अंश आपल्या पिठात उतरतो. आपला जिल्हा सोयाबीनचा. काही घरांत गव्हाच्या दळणात मूठभर सोयाबीन टाकतात. पाहुण्यांत कोणास सोयाबीन चालत नसेल तर हे आठवणीने सांगावे. तेलाचेही तसेच. पूर्ण रिफाइंड केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत. लाकडी घाण्याच्या तेलात ती उरतात. चिवड्याचे दाणे ज्या तेलात तळले, त्यातच नातवाच्या पुऱ्या तळू नयेत.

बंद पाकिटावरील मजकूर वाचावा. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार गहू व तत्सम धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबीवर्गीय जलचर, शेंगदाणा, काजू-बदामासारखी कवचफळे, सोयाबीन आणि सल्फाइट यांची सूचना पाकिटावर द्यावी लागते. या यादीत तीळ नाही. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा समावेश केला. म्हणून तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी केवळ सूचनेवर विसंबू नये. घटकपदार्थांची संपूर्ण यादी वाचावी. अक्षर बारीक असते, तेव्हा हे काम नातवंडांकडूनच करून घ्यावे. त्यांनाही सवय लागते. सुट्या मिठाईला तर असे लेबल बहुधा नसतेच. ती टाळलेली बरी.

उपवासाची शिस्त

आता आपल्या विद्येकडे येऊ. एकादशीच्या दिवशी फराळ करताना आपण काय करीत आलात? उपवासाची कढई वेगळी. फराळाचे डबे वेगळ्या फळीवर. पोळीचे पीठ लागलेला हात साबुदाण्याला लावायचा नाही. वरणातली पळी भगरीत घालायची नाही. चुकून घातली गेलीच, तर तो फराळ उपवासाचा राहिला नाही, असे आपण मानले. “एवढ्याशाने काय होते” असे कधी म्हटले नाही. एका अन्नाचा अंश दुसऱ्यात उतरू नये यासाठी डॉक्टर आज जे सांगतात, ते हेच. आपल्या हातांना ते आयुष्यभराचे अंगवळणी पडलेले आहे.

जुन्या सोवळ्याचा जो भाग माणसाला माणसापासून दूर ठेवीत होता, तो गेला हे चांगलेच झाले. पळी-भांड्यांची शिस्त शिकविणारा भाग मात्र येथे उपयोगी पडतो. नातवाचे जेवण उपवासाचे समजा, म्हणजे सारे सोपे होईल.

सणाच्या दिवशी पहाटे, कूट आणि तीळ ओट्यावर येण्यापूर्वी, त्याच्या वाटणीचा स्वयंपाक करावा. ओटा, पोळपाट, मिक्सरचे भांडे साबणाने धुऊन घ्यावे. नुसते पुसू नये. शक्य तेथे सगळ्यांसाठीच पदार्थ बदलावा. वांग्याच्या भाजीत कुटाऐवजी, डॉक्टरांनी मनाई केलेली नसल्यास, सुके खोबरे घातले तर कोणाचे काही बिघडत नाही आणि मूल वेगळे पडत नाही. नैवेद्याचे पान जसे सर्वांच्या आधी काढतात, तसे त्याच्या लगेच मागे नातवाचे पान काढून झाकून ठेवावे. म्हणजे पुढे पळ्यांची अदलाबदल झाली तरी त्याचे अन्न सुरक्षित राहते. नैवेद्य दाखविण्यापूर्वी चव घेण्याची आपली रीत नाही. म्हणून काय घातले ते एका कागदावर लिहून तो स्वयंपाकघरात लावावा. नंतर कोणी विचारले तर आठवणीवर भार नको.

पंगतीत त्याला आपल्या उजव्या हाताशी बसवावे. वाढप्यांना आधीच सांगावे की या पानात फक्त आजी वाढतील. आग्रह ही आपल्याकडे आतिथ्याची खूण आहे. पण या पानापुरता आग्रह बंद. काका, मामा, शेजारीण, सर्वांना हे एकदा स्पष्ट सांगितले की पुन्हा पुन्हा नकार देण्याची पाळी मुलावर येत नाही. जेवणानंतर इतर मुलांनी हात-तोंड धुऊनच त्याच्याशी खेळावे.

प्रसादाचे काय?

पोहरादेवीची रामनवमीची यात्रा असो, कारंजाचे गुरुमंदिर असो, की गावच्या मारुतीचा रोडगे-वांग्यांचा भंडारा; महाप्रसाद नाकारताना वडीलधाऱ्यांचे मन कचरते. शेकडो पानांच्या स्वयंपाकात कशात काय पडले, हे प्रामाणिक स्वयंपाक्यालाही सांगता येत नाही. अशा ठिकाणी मुलाने प्रसादाला नमस्कार करावा आणि आपण तो त्याच्या वतीने घ्यावा. त्याच्यासाठी घरून नेलेले केळे किंवा खडीसाखर देवापुढे ठेवून तोच त्याचा प्रसाद मानावा. वृद्ध, आजारी आणि लहान मुले यांना उपवासातही आपण सूट देत आलो आहोत. ही सूटही त्याच जातीची. संक्रांतीला त्याच्या हातावर गूळ-खोबऱ्याची वडी ठेवून “तिळगूळ घ्या, गोड बोला” म्हटले, तर त्या शब्दांचा गोडवा कमी होत नाही.

वेळ आलीच तर

इतके जपूनही चूक होऊ शकते. म्हणून सणाच्या आधीच सुनेला शांतपणे विचारावे, “डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद आणि औषध कोठे आहे? मला दाखव.” या एका प्रश्नाने तिचा अर्धा धीर परत येईल.

तीव्र ॲलर्जीवरील पहिले औषध ॲड्रेनॅलिन. ते मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत टोचतात. सेट्रिझिनसारखी गोळी खाज कमी करते. बंद होणारा श्वास ती उघडीत नाही. डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिन घरी दिले असेल तर ते कसे द्यावे हे त्यांच्याकडून आधीच शिकून घ्यावे आणि वेळ आल्यास थांबून पाहू नये. ते असो वा नसो, ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा. आपल्या गावापासून जवळचे, रात्रीही उघडे असणारे आरोग्य केंद्र किंवा रुग्णालय कोणते, याची चौकशी सणाआधीच करून ठेवावी.

रुग्णास आडवे निजवून पाय थोडे उंच करावेत. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्यावे. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. उभे करून चालवू नये. रुग्णवाहिकेस उशीर होणार असेल तर दुचाकीवर मधे बसवून नेण्यापेक्षा, निजवून नेता येईल असे चारचाकी वाहन पाहावे. बरे वाटले तरी रुग्णालयातून लगेच परतू नये. काही तासांनी लक्षणे पुन्हा उद्भवू शकतात.

आपल्या स्वतःविषयी

ॲलर्जी केवळ मुलांना होते असे नाही. साठीनंतरही प्रथमच होऊ शकते. शिवाय रक्तदाबाच्या रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी कधी कधी ओठ व जीभ सुजते आणि दोष जेवणावर येतो. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर तीव्र ॲलर्जीत ॲड्रेनॅलिनचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून आपल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. तसेच केवळ तपासणीच्या कागदावर दहा पदार्थांची नावे आली म्हणून दहाही सोडू नयेत. तपासणी आणि प्रत्यक्ष त्रास यांचा मेळ डॉक्टरांनीच घालावयाचा असतो. विनाकारण डाळ-दूध सोडलेल्या वृद्धांचे शरीर खंगते. दूध पचत नाही आणि दुधाची ॲलर्जी आहे, या गोष्टीही वेगळ्या. पहिल्यास ताक बहुधा चालते, दुसऱ्यास चालत नाही.

आजी, गेल्या दिवाळीतील चूक अज्ञानाने झाली, मायेच्या अभावाने नव्हे. तिची भरपाई नातवाला दूर ठेवून होणार नाही. यंदा महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी सुनेला स्वयंपाकघरात बोलवा, डबे तिच्यासमोर मांडा आणि म्हणा, “याचे पान कसे करायचे ते तू सांग, मी करते.” मग पंगत बसेल तेव्हा त्या पानात वाढणारी पळी आपल्याच हातात असू द्या.